परागंदा आप्ताचा शोध : आधी त्यांचे सोबती शोधा

आपण विचारलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. आपल्या आजोबांचे थोरले भाऊ १९३४ च्या सुमारास गुहागर तालुक्यातल्या गावाहून मुंबईला गेले, परळच्या बाजूला गिरणीत लागले, १९४६ च्या पावसाळ्यापर्यंत घरी मनीऑर्डर पाठवत राहिले आणि त्यानंतर त्यांचा काहीच ठावठिकाणा लागला नाही. गावी त्यांची पत्नी होती, मूल नव्हते. सातबाऱ्यावर त्यांचे नाव अजून तसेच आहे. भावकीतली वडीलधारी माणसे ‘रामदास बोटीत गेले असतील’ एवढे सांगून थांबतात. मुंबईत मृत्यूची नोंद शोधून आणि इंटरनेटवर आडनाव टाकून पाहून आपण हात टेकले आहेत.

माझे पहिले सांगणे असे की, आता काही काळ त्यांचे नाव शोधणे थांबवावे आणि ते कोणाबरोबर गेले हे शोधावे. कोकणातून मुंबईला जाणारा तरुण सहसा एकटा जात नसे. मामाच्या, चुलत्याच्या किंवा वाडीतल्या कोणाच्या तरी पाठीला लागून तो दाभोळला बोटीवर चढे, मुंबईत उतरल्यावर गावच्याच लोकांच्या खोलीत पथारी टाके, आणि त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी शब्दावर गिरणीतला जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, त्याला खात्यात घेई. एका माणसाची नोंद हरवते, चुकीच्या नावाने होते किंवा होतच नाही. पण त्याच्याभोवतीच्या दहा-बारा माणसांपैकी दोघा-तिघांच्या नोंदी, पत्रे आणि नातवंडे आजही सापडतात, आणि आपल्या माणसाचे पुढे काय झाले हे अनेकदा आपल्या घराला माहीत नसले तरी त्यांच्या घराला माहीत असते.

रामदास बोटीची गोष्ट आधी पारखून घेऊ, कारण अशा समजुतीमुळे शोध बसल्या जागी संपतो. रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती बोट बंदराच्या पलीकडे अलिबाग, पेण भागात जाणाऱ्यांची होती. गुहागरच्या माणसाने भर पावसाळ्यात गावी यायचे ठरवले असते तर किनाऱ्याची बोटवाहतूक त्या महिन्यांत बंद असल्यामुळे त्याची नेहमीची वाट रेल्वेने कराड आणि तिथून कुंभार्ली घाटाने चिपळूण अशी असती. शिवाय मनीऑर्डर त्याआधी वर्षभर थांबलेली होती. रेवसकडे त्यांचे काही काम निघालेच नसेल असे मी म्हणत नाही, पण त्यासाठी वेगळा पुरावा हवा. कोकणातल्या अनेक घरांत परागंदा झालेल्या माणसाची गाठ अशा एखाद्या मोठ्या दुर्घटनेशी घातलेली आढळते. कुठे रामदास, कुठे एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट. नुसत्या बेपत्ता असण्यापेक्षा माहीत असलेले मरण सोसायला सोपे जाते, म्हणून ही गोष्ट पुढच्या पिढीला सांगितली जाते. तिचा मान राखावा, पण ती नोंद म्हणून धरू नये.

यापेक्षा खरा पुरावा आपल्याच घरात असण्याची शक्यता आहे, आणि तो बहुतेक घरांत कोणी पुरावा म्हणून पाहत नाही. पितृपक्षात थोरल्या आजोबांचा म्हाळ, म्हणजे श्राद्ध, कोणत्या दिवशी घातला जातो किंवा जात असे, हे घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंना विचारा. सर्वपित्री अमावास्येला घालत असतील तर तिथी माहीत नव्हती, असे साधारण समजता येते. मात्र एखाद्या ठरावीक तिथीला घालत असतील, तर ती तिथी घरात कोणीतरी आणून सांगितली असली पाहिजे. म्हणजे कधीतरी बातमी आली होती, आणि बातमी आणणारा माणूस मुंबईत त्यांच्या जवळ होता. तसेच, बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहून पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांचा पुतळा करून अंत्यसंस्कार, करण्याची जुनी रीत आहे. तो झाला असेल तर कोणत्या साली, कोणी सांगितल्यावरून, आणि गावातच की नाशिक-त्र्यंबकला, हे विचारावे. नाशिकला झाला असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनावाच्या क्रमाने आपल्या घराण्याची नामावळी असू शकते, आणि विधीला आलेल्या माणसाने स्वहस्ते लिहिलेला मजकूर तिथे वाचायला मिळतो.

याच ओघात एक नाजूक प्रश्न येतो. थोरल्या आजींनी कुंकू लावणे कधी सोडले, की शेवटपर्यंत लावत राहिल्या? गावातल्या सत्तरी-ऐंशीच्या बायकांना हे बहुधा आठवते. त्या शेवटपर्यंत सवाष्ण म्हणून वावरल्या असतील आणि हळदीकुंकवाला बोलावल्या जात असतील, तर नवरा जिवंत आहे असे त्या स्वतः आणि गावही धरून चालले होते. यामागे निव्वळ आशा असेल, किंवा तो जिवंत आहे, फक्त परत येणार नाही, ही माहिती असेल. माझ्या अनुभवात अशा हकीकतींत मृत्यूइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, आढळणारी गोष्ट म्हणजे मुंबईत थाटलेले दुसरे घर. आपल्या बाबतीत तसे झालेच असे मी मुळीच म्हणत नाही. पण तसे झाले असेल तर आपण मृत्यूच्या नोंदी १९४६-४७ मध्ये शोधून उपयोग नाही, त्या १९७० किंवा १९८० च्या दशकात असतील, आणि आपली चुलत भावंडे आज हयात असतील.

घरातली ट्रंक, देवघराचा फडताळ आणि माळा नीट पाहा. मनीऑर्डरच्या फॉर्मचा खालचा तुकडा पैसे घेणाऱ्याला मिळत असे, आणि पुष्कळ घरांत ते तुकडे तारेला खोचून ठेवलेले असत. त्यावर दोन ओळींचा मजकूर असतो, ‘पैसे पाठविले आहेत, बायकोस औषध आणावे’ अशा धर्तीचा. घरची माणसे तोच वाचून तुकडा बाजूला ठेवतात. आपण मात्र मजकुराच्या आधी शिक्का वाचा. गोल शिक्क्यात टपाल कार्यालयाचे नाव आणि तारीख असते. सगळे तुकडे तारखेच्या क्रमाने लावले की, शिक्का परळचा असताना मध्येच लालबागचा किंवा थेट सोलापूरचा होतो का हे कळते. शिक्का बदलला तर खोली बदलली किंवा नोकरी बदलली. अक्षरही पाहा. थोरले आजोबा स्वतः लिहीत नसतील, तर लिहून देणारा माणूस त्यांच्याच खोलीतला असणार. एकच हस्ताक्षर भावकीतल्या दुसऱ्या घरातल्या तुकड्यांवर सापडले तर ती दोन माणसे एकत्र राहत होती, याला याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

यानंतर गावच्या प्राथमिक शाळेत जा. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज देऊन जुने जनरल रजिस्टर पाहण्याची परवानगी मागा. थोरल्या आजोबांची नोंद मिळाली तर जन्मतारीख, वडिलांचे नाव आणि त्या वेळचे आडनाव मिळेल. पण तेवढ्यावर थांबू नका. शाळा सोडल्याची तारीख आणि कारण यांचे रकाने त्यांच्या नोंदीच्या मागेपुढे दोन-तीन वर्षांचे वाचून काढा. त्या काळात त्याच वाडीतून शाळा सोडून गेलेल्या मुलांची यादी म्हणजे आपल्या शोधाची खरी सुरुवात. कारणाच्या रकान्यात कधी कधी ‘मुंबईस गेला’ असे स्पष्ट लिहिलेले असते. त्या मुलांची घरे गावात अजून आहेत, आणि त्यांच्यातल्या कोणाचा तरी नातू दर शिमग्याला पालखीसाठी येत असेल.

आडनावाबाबत येथेच सावध करतो. गावी एका आडनावाने ओळखले जाणारे कुटुंब मुंबईत गावाच्या नावावरून ‘कर’ लावून दुसरेच आडनाव घेई, किंवा जॉबरने हजेरीपटावर जे लिहिले तेच पुढे कायम होई. म्हणून शोधताना नाव, वडिलांचे नाव आणि गाव ही त्रयी धरावी, आडनाव सर्वांत शेवटी. तालुका आणि जिल्हाही जुन्या कागदात जसा होता तसा धरावा. गुहागर हा पूर्वी चिपळूण तालुक्यातला पेटा, म्हणजे पोटविभाग, होता, त्यामुळे जुन्या नोंदीत ‘तालुका चिपळूण’ दिसले म्हणून ती नोंद दुसऱ्या कोणाची समजून टाकून देऊ नये. दक्षिणेकडच्या वाचकांसाठी सांगतो की, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला आणि कुलाब्याचे रायगड हे नावही त्याच वर्षी आले. सावंतवाडी आणि जंजिरा ही तर १९४८ पर्यंत संस्थाने होती, त्यामुळे त्या मुलखातली माणसे जुन्या कागदात त्या संस्थानांच्या नावाखाली सापडतात.

आता सातबारा. थोरल्या आजोबांचे नाव त्यावर अजून आहे, याचा अर्थ त्यांची वारसनोंद कोणी घातली नाही. ही अडचण वाटत असली तरी शोधाच्या दृष्टीने ती सोय आहे. नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा गाव नमुना ६ चा उतारा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून घ्यावा. अनेक तालुक्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावरही पाहता येतात. फेरफारात वर्दी कोणी दिली, कोणाला नोटीस काढली, कोणाच्या सह्या किंवा अंगठे आहेत आणि ‘हल्ली मुक्काम मुंबई’ असा शेरा आहे का, या चार गोष्टी पाहाव्यात. नंतर त्याच गटातले, म्हणजे आजोबांचे, चुलत्यांचे आणि बांधाला बांध असलेल्या भाऊबंदांचे फेरफारही काढावेत. १७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायदा लागू झाल्यावर वारसांत मुलींची नावे नियमाने येऊ लागली. त्यामुळे त्यानंतरच्या वारस फेरफारांत घराण्यातल्या बहिणी आणि त्यांची सासरची आडनावे मिळतात. थोरल्या आजोबांना बहीण असेल तर तिच्या सासरी चौकशी अवश्य करा. भावाशी संबंध तुटले तरी बहिणीशी पत्रव्यवहार राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

आपले घराणे कुळ म्हणून जमीन कसत असेल तर आणखी दोन ठिकाणे आहेत. कोकणातल्या खोती गावांत, म्हणजे जिथे खोत सारा गोळा करी तिथे, बोटखत नावाचे दप्तर असे. कोणत्या कुळाने कोणत्या जमिनीबद्दल खोताला काय द्यायचे हे त्यात नोंदलेले असते, आणि वडील-आजोबांच्या पिढीतली नावे तिथून जुळवता येतात. दुसरे, कुळकायद्याच्या कलम ३२ ग ची प्रकरणे. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ जमिनीचे मालक मानले गेले आणि किंमत ठरवण्यासाठी तहसीलदारांपुढे सुनावण्या झाल्या. सुनावणीत घरच्या माणसांचे जबाब असतात, आणि भाऊ कुठे आहे, हयात आहे की नाही, हा प्रश्न तिथे विचारला गेलेला असू शकतो. १९५७ नंतरच्या त्या जबाबात आपले आजोबा काय म्हणाले, हे मला आपल्या जागी असतो तर सर्वांत आधी वाचायचे असते. कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी गाव नोंदवही, हीही पाहावी, पण ती बरीचशी मोडीत असते. मोडी जाणणाऱ्याकडून मूळ पानाच्या छायाप्रतीवरूनच लिप्यंतर करून घ्यावे, आणि नुसता सारांश न घेता ओळीला ओळ मागावी.

मुंबईत शोधायचे ते आपल्या गावचे ग्रामस्थ मंडळ. गावकीची खोली ज्या चाळीत होती, तिथे गाववाले पाळीपाळीने झोपत, खाणावळीचा आणि वर्गणीचा हिशेब एका वहीत राहत असे, आणि कोणी वारला तर प्रेत नेण्याचा खर्चही त्याच वहीत पडे. या वह्या आता वेगाने नाहीशा होत आहेत. चाळींचा पुनर्विकास सुरू झाला की खोली रिकामी करताना पेटी आणि तिच्यातली दप्तरे रद्दीत जातात. म्हणून हे काम पुढच्या गणपतीपर्यंत लांबवू नये. वही मिळाली तर १९४५ ते १९४८ या काळातली प्रत्येक वर्गणी वाचा. थोरल्या आजोबांचे नाव कोणत्या महिन्यापासून दिसत नाही आणि त्याच महिन्यापासून आणखी कोणाचे नाव दिसत नाही, हे पाहा. दोघे एकत्र बाहेर पडले असतील तर दुसऱ्याचा माग काढणे सोपे जाईल. मंडळ नोंदणीकृत असेल तर वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात त्याचे कागद आणि जुन्या विश्वस्तांची नावे मिळतात. गावच्या देवळातही डोळे उघडे ठेवून फिरा. सभामंडपातल्या लाद्या, घंटा आणि भिंतीतल्या फरश्यांवर मुंबईकर देणगीदारांची नावे कोरलेली असतात, आणि ‘यांच्या स्मरणार्थ’ म्हणून ज्याने पैसे दिले त्याचे नातेही तिथे लिहिलेले असते.

मृत्यूची नोंद महापालिकेकडे पुन्हा मागाल तेव्हा पद्धत बदला. आपण एक नाव आणि एक वर्ष देऊन शोधलेत. आता आडनावाच्या सगळ्या शक्यता, वयाचा अंदाज आणि परळ-लालबागचा भाग देऊन कालखंड वाढवा. जवळपासची नोंद मिळाली की नावाइतकेच लक्ष खबर देणाऱ्याच्या नावाकडे द्या. शाळेच्या यादीतले किंवा वर्गणीच्या वहीतले नाव तिथे दिसले, तर मृताचे नाव थोडे चुकीचे असले तरी माणूस आपलाच असण्याची शक्यता बरीच वाढते. गिरणीच्या बाबतीत, १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या बंद पडत गेल्या आणि इतके जुने हजेरीपट मिळणे दुरापास्त आहे. तिथे फार वेळ घालवू नये असे माझे मत आहे. मात्र म्हाडाच्या घरांसाठी गिरणी कामगारांच्या वारसांनी कागद गोळा केले, तेव्हा अनेक घरांत गिरणीची जुनी तिकिटे आणि ओळखपत्रे पुन्हा बाहेर आली; गावच्या अशा कुटुंबांना विचारण्यात फायदा आहे.

गिरणी सोडून ते जहाजावर गेले असण्याची शक्यताही तपासावी, कारण रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून खलाशी म्हणून जाणारे खूप होते. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर मृत सैनिक आणि खलाशांची यादी मोफत पाहता येते, आणि दुसऱ्या महायुद्धासाठी आयोगाने ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू धरले आहेत, त्यामुळे आपले १९४६ साल त्यात बसते. मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात दोन्ही महायुद्धांतल्या खलाशांची स्मारके आहेत. नोंदींत वडिलांचे नाव आणि गाव पुष्कळदा असते, पण रोमन लिपीत आणि कानाला लागेल तसे लिहिलेले. गावाचे नाव पाच-सहा प्रकारे लिहून शोधावे लागते. ज्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून मॉरिशसला गेले असे घरात सांगतात, त्यांच्यासाठी तिथल्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेतल्या आगमन नोंदवह्या हा वेगळाच आणि फार मोलाचा साठा आहे. आपल्या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही.

यापुढे जे सांगतो ते कागदांइतकेच महत्त्वाचे आहे. कोकणात कोणी जुन्या नातेवाइकाची चौकशी करू लागला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिली शंका जमिनीची येते, आणि ती अवाजवी नाही. सामाईक सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाचे वारस सापडले तर हिस्सा निघतो, आणि महामार्ग, प्रकल्प व बंगल्यांसाठी जमिनींना भाव आल्यापासून हा प्रश्न घराघरांत जिवंत आहे. ‘रामदास बोटीत गेले’ एवढेच सांगून भावकी ताकास तूर लागू देत नसेल, तर त्यामागे विस्मरण असेल किंवा ही धास्तीही असेल. म्हणून आपला हेतू आधी सांगा, शक्यतो लेखी सांगा, आणि शोधाचे काम व वारसनोंदीचे काम एकाच वेळी हाती घेऊ नका. पुढे कधी वारसनोंद करायची झाली तर सात वर्षे ज्याची खबर नाही तो हयात असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात होती आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. त्यातून मृत्यू गृहीत धरता येतो, मृत्यूची तारीख नाही. मात्र त्यांचे दुसरे घर असल्याची नुसती कुणकुण लागली तरी वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय त्या वाटेने जाऊ नका. ज्यांचा माग आपण प्रेमापोटी काढत आहात त्यांचाच हक्क आपल्या हातून बुडेल.

मुंबईत किंवा आणखी कुठे हयात नातेवाईक सापडले, तर थेट दारात उभे राहू नका आणि समाजमाध्यमावर त्यांची नावे टाकू नका. त्यांच्या घरात आपल्या थोरल्या आजींचे नाव कदाचित कधीच उच्चारले गेले नसेल. आधी हाताने लिहिलेले छोटे पत्र पाठवा. आपण कोण, गाव कोणते, थोरल्या आजोबांचे नाव आणि ते मुंबईला गेल्याचे साल एवढेच त्यात असावे. नाते काय असावे याचा तर्क त्यांच्यावर लादू नये, आणि जमिनीचा आपला काही हेतू नाही हे एका वाक्यात स्वच्छ लिहावे. त्याबरोबर गावच्या घराचा आणि ग्रामदेवतेच्या देवळाचा एकेक फोटो ठेवा, कारण त्यांच्या वडिलांनी गावाबद्दल काही सांगितले असेल तर ओळख पहिल्यांदा तिथे पटेल. उत्तर आले नाही तर काही महिन्यांनी एकदाच स्मरणपत्र द्या, त्यानंतर थांबा. मंडळाच्या सचिवांकडे आणि गावच्या गुरवांकडे मात्र आपला पत्ता आणि दूरध्वनी लिहून ठेवा. उलट्या दिशेने कोणी चौकशी करत गावी आले, तर त्यांची पावले आधी देवळाकडेच वळतील.